रिकामं चाक

वडिलांच्या पोटात पहिली कळ आली तेव्हा ते वाटेच्या मधोमध होते. कमरेला दोरासाठीचा वाख गुंडाळलेला, आणि उलटे चालत होते. आई चाकावर होती. तिला वाटलं, पेड तुटला म्हणून ते वाकले. पेड तुटला नव्हता. पोट धरून ते हळूहळू खाली बसले, आणि बसतानाही हातातला पेड जमिनीला टेकू नये म्हणून त्यांनी एक हात वर धरून ठेवला. आई धावत जवळ गेली तेव्हा ते पहिलं वाक्य बोलले ते असं: "आधी हा खुंटीला बांध."

आमचं घर दोर वळणाऱ्यांचं. मागच्या दारापासून झाडांच्या ओळीखालून एक लांब, सरळ पट्टी जायची. कित्येक वर्षं पायांनी तुडवून ती फरशीसारखी गुळगुळीत झाली होती. तिला आम्ही नुसतं वाट म्हणत असू. अलीकडच्या टोकाला चाक. चाकाच्या आकड्याला वाखाची बट अडकवायची, आणि ज्याच्या कमरेला वाखाचा भारा आहे त्यानं बोटांतून थोडा थोडा वाख सोडत मागं मागं जायचं. चाकावरचा माणूस पीळ देतो, चालणारा लांबी देतो. मधल्या खांबांच्या खुंट्यांवर पेड टेकत जातो. असे तीन पेड झाले की त्यांचा एक दोर. वाट जेवढी लांब, तेवढाच दोर लांब.

आजोबांनी जागा दोन मुलांत वाटली, ती आडवी वाटली. चाकाकडचा अर्धा भाग थोरल्याचा, म्हणजे वडिलांचा. पलीकडचा अर्धा धाकट्याचा, म्हणजे काकांचा. दोघे एकत्र काम करत होते तोवर हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढं काकांचे गुडघे गेले आणि त्यांनी काम सोडलं, तरी वडिलांचे पाय रोज काकांच्या जागेतून मागं मागं जातच राहिले.

त्या दिवशी काकांनीच वडिलांना उचलून टेम्पोत घातलं. मी दुसऱ्या गावी शाळेत शिकवते; निरोप मिळून पोचले तोवर ऑपरेशन झालं होतं. आतड्याला पीळ पडला होता, तेवढा भाग काढून टाकावा लागला, असं डॉक्टरांनी सांगितलं. वडील शुद्धीवर आल्यावर हे त्यांना काकांनी सांगितलं.

"घरचाच माल निघाला म्हणायचा," वडील म्हणाले.

काका हसले आणि हसता हसता त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "बोलू नकोस दादा. टाके तुटतील."

"टाके माझे आहेत. तुझं काय जातंय?"

घरी सोडायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आईला बाजूला घेतलं. "जखम भरायला औषधं आहेत. पण यांनी खाल्लं पाहिजे, झोपलं पाहिजे, रोज थोडं चाललं पाहिजे. आणि डोक्याला त्रास होईल असं काही कानावर घालू नका." आईनं मान हलवली. शेवटचं वाक्य तिनं गाठ मारल्यासारखं पक्कं धरलं.

खोली झाडून ठेवायला आम्ही दोघी एक दिवस आधी घरी आलो. मागचं दार उघडलं, आणि समोर वाट मधोमध खणलेली दिसली. काकांच्या हद्दीत, अगदी सीमेला लागून, भिंतीच्या पायाचा चर होता. विटांचा ढीग खुंट्यांच्या खांबांना टेकला होता. काका हातात फावडं घेऊन उभे होते. आम्हाला बघून त्यांनी ते खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं.

"वहिनी, दादाला विचारणारच होतो," ते म्हणाले. "पोराचं लग्न ठरलंय, एक खोली तरी हवी. आणि मग हे असं झालं. गवंडी म्हणाला, आत्ता नाही तर मी पुढं मोकळा नाही."

आई चराकडे बघत होती.

"बुजवू का? सांगा, आजच्या आज बुजवतो."

"जागा तुमची आहे, भावजी."

"तसं नाही वहिनी."

"तसंच आहे. पोराला खोली लागणारच. फक्त त्यांना आधी उठून हिंडू द्या. मग सांगू."

काकांनी मान हलवली. ते खरं तर आईकडून चार शब्द ऐकायला उभे होते. ते तिनं ऐकवले नाहीत.

वडिलांची खाट मागच्या खोलीत होती आणि तिथली खिडकी वाटेकडे उघडायची. आईनं तिच्यावर जाड गोणपाट ठोकलं. वडिलांना आणलं तेव्हा त्यांनी पहिली नजर तिकडेच टाकली.

"हे काय?"

"ऊन फार येतं दुपारचं."

"इतकी वर्षं येत नव्हतं वाटतं."

"इतकी वर्षं तुम्ही दुपारी घरात कुठं असायचात?" आई म्हणाली.

त्यांचं अंग पार उतरलं होतं. उलटं चालून चालून त्यांच्या पोटऱ्या मागून दगडासारख्या झाल्या होत्या. त्या आता सैल पडल्या होत्या. अंगठा आणि पहिलं बोट, ज्यातून वाख सुटायचा, तेवढी कातडी मात्र शिंगासारखी टणक होती. मी त्यांना धरून उठवायची. खोकला आला की ते उशी पोटाशी घट्ट दाबायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. खाटेपासून दारापर्यंत आणि परत, एवढं चालणं. जेवण मात्र जाईना. मऊ भात आईनं पुढं धरावा आणि त्यांनी दोन घासांत ताट सरकवावं.

"चाक का बंद आहे?" एकदा त्यांनी विचारलं.

"तुम्ही पडून. चालणार कोण?"

"पोरगी आहे की. लहानपणी चालायची माझ्यासारखी."

"तिच्या हाताला आता खडूची सवय आहे."

"नावाड्याला लांब दोर द्यायचा शब्द दिलाय. पाणी वाढायच्या आत. तो माझ्या भरवशावर दुसरीकडे गेला नाही." ते भिंतीकडे तोंड करून वळायला गेले, पण टाक्यांमुळे वळता येईना, म्हणून नुसती मान फिरवली.

ताट तसंच होतं. आईनं ते उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "चल, चाकावर."

"आई, वाट कुठं आहे?"

"मला दिसतंय ना ते. त्यांना नुसतं ऐकू येणार, दिसणार नाही."

ती चाकाजवळ बसली, आकड्याला काहीही न अडकवता. मला तिनं चराच्या काठावर उभं केलं. चालणारा माणूस चाकावरच्याला ओरडून सांगतो: पीळ हवा असला की "दे", पुरे झाला की "बस". मी रिकाम्या हातांनी उभी राहून "दे" म्हणाले. माझा आवाज इतका खोटा निघाला की विटा रचणारा गवंडी थापी हातात धरून बघत राहिला. आई फिरवत होती. रिकामं चाक हलकं पळतं, खडखडतं. हे तिला माझ्या आधी कळलं. तिनं डाव्या हाताचा तळवा चाकाच्या कडेला दाबून धरला, तेव्हा ते जरा कण्हल्यासारखं, ओझं असल्यासारखं फिरू लागलं.

कुंपणापलीकडून शिंपी चालला होता. तो थांबला.

"काय वहिनी, वारा वळताय का?"

"हो," आई म्हणाली. चाक थांबलं नाही. "घेऊन जा थोडा. तुमच्या शिलाईपेक्षा टिकेल."

शिंपी हसत गेला. आईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

त्या दुपारी वडिलांनी पूर्ण ताट संपवलं. आईनं रिकामं ताट मला दाखवलं. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही चाक फिरवू लागलो.

सगळं चांगलं चाललंय असं वाटत होतं. वडील दारापर्यंत जायचे, मग पुढच्या खोलीपर्यंत. काका एक दिवसाआड त्यांची दाढी करायला यायचे. टॉवेल, वाटी, ब्रश घेऊन खाटेवर बसायचे आणि भावाची हनुवटी दोन बोटांनी वर उचलायचे. ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. पाय चेपायचे, पाठीला पावडर लावायचे, तांब्या भरून ठेवायचे. फक्त डोळ्याला डोळा भिडवत नसत.

"तुझ्याकडे काय ठोकाठोकी चाललीय?" वडिलांनी साबण लावलेल्या तोंडानं विचारलं.

"डागडुजी. मागची भिंत जरा..."

"जरा नाही वाटत. बराच माल उतरला परवा."

"भिंत जुनी आहे रे दादा."

"हात नीट धर. गळा कापशील माझा."

काकांनी वस्तरा बाजूला ठेवला, पाण्यात बोटं बुचकळली, पुसली आणि मग पुन्हा धरला.

ड्रेसिंग बदलायला सिस्टर सायकलवरून यायच्या. आधी त्या खूश होत्या. नंतर जखमेच्या खालच्या टोकातून पाणी येऊ लागलं. त्यांनी कापूस दाबला, वास घेतला, वडिलांचं मनगट धरून बसल्या. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "झोपतात का?"

"रात्रभर डोळे मिटून असतात," आई म्हणाली.

"मिटून असणं वेगळं. नाडी धावतेय त्यांची, पळून आल्यासारखी. घरात काही चाललंय का?"

"काही नाही," आई म्हणाली. तिचा डावा तळवा पदराआड होता. चाकाच्या कडेनं त्यावर फोड आला होता, फुटला होता, त्यावर पुन्हा आला होता. सिस्टरनी तो पदर बाजूला करून पाहिला, काही न विचारता त्यालाही पट्टी बांधली आणि निघून गेल्या.

मग वडिलांनी दोर बघायला मागितला. "इतके दिवस वळताय. दाखव तरी मला, कसा झालाय."

आईनं माळ्यावरून एक जुनं वेटोळं काढलं. धूळ झटकली, ताजं वाटावं म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. वडिलांनी त्यावरून अंगठा फिरवला. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. त्यांनी दोराचं टोक उलगडलं, तीन पेड वेगळे केले, पुन्हा जुळवले.

"चांगला झालाय," ते म्हणाले. "पीळ एकसारखा पडलाय. हात बसला पोरीचा."

आईनं सुटल्यासारखा श्वास सोडला. मलाही बरं वाटलं. त्यांनी ते वेटोळं परत दिलं नाही. उशाशी ठेवून घेतलं.

त्यानंतरच्या एका सकाळी आई चाकावर होती आणि मी वडिलांना फिरवायला आत आले होते. काखेत हात घालून मी त्यांना उभं केलं. ते दाराकडे वळले नाहीत. खाटेच्या कडेला धरून तिथंच उभे राहिले. बाहेर चाक कण्हत होतं.

"तिला थांबायला सांग आता," ते म्हणाले. "खांदा धरला असेल तिचा."

मी दार लोटून घेतलं.

"रिकामं चाक धरून फिरवणं भरलेल्यापेक्षा अवघड असतं. चाकच ओढून नेतं माणसाला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशीच. तू 'दे' म्हणालीस आणि चाकाच्या आवाजात काही फरक पडला नाही." ते जरा हसले आणि लगेच पोटाशी हात नेला. "आणि माझाच दोर मला दाखवता? मी वळलेला दोर मला अंधारात कळेल."

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

त्यांनी गोणपाट लावलेल्या खिडकीकडे पाहिलं. "काय बोलणार? तुम्ही सगळे इतकं जपत होता. मी बोललो असतो तर तिनं चाक सोडलं असतं, धाकट्यानं येणं सोडलं असतं. जेवत होतो की मी. घास घशाखाली ढकलायचा, एवढंच." मग म्हणाले, "पडल्या पडल्या मी फक्त अंदाज करत होतो, भिंत कुठवर आली असेल. तेवढं एक बघू दे मला."

मी त्यांना मागच्या दारानं बाहेर घेऊन गेले. आईनं आम्हाला बघितलं आणि तिचे दोन्ही हात मांडीवर पडले. चाक आपलं आपण थोडा वेळ फिरत राहिलं, मग थांबलं. काकांच्या खोलीची भिंत छातीच्या वर गेली होती. झाडांची ओळ तिच्या पलीकडे तशीच पुढं जात होती.

"अहो, ऊन आहे," आई म्हणाली.

"बट लाव," वडील म्हणाले.

पोटावर टाके होते, म्हणून मी वाखाचा लहान भारा त्यांच्या खांद्यावरून बांधला. आईनं आकड्याला बट अडकवली. "दे," ते म्हणाले. आवाज बारीक होता, पण चाक लगेच बदललं. त्याच्यावर ओझं आलं. ते मागं मागं निघाले. मी शेजारून चालत होते, पण त्यांनी मला हात लावू दिला नाही. वाख बोटांतून सुटत होता, एकसारखा, कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. त्यांनी कधीच मागं वळून बघितलेलं नव्हतं. त्यांची पाठ ती वाट ओळखत होती. भिंतीजवळ आल्यावर मी त्यांना सांगणार होते. पण आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि राहून गेलं. त्यांची पाठ विटांना टेकली.

"बस," ते म्हणाले.

चाक थांबलं. पेड त्यांच्या बोटांपासून चाकापर्यंत ताणलेला होता, आणि थरथरत होता.

गवंड्यानं हाक मारली असावी. काका भिंतीला वळसा घालून लंगडत आले आणि दोन हातांवर थांबले.

"वीट चांगली घेतलीस," वडील म्हणाले. "ओल धरायची नाही."

"दादा..."

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाला असतास तर?"

"नसतो म्हणालो."

"तेच ना," काका म्हणाले. "तू हो म्हणाला असतास. मग मी कुठल्या तोंडानं बांधली असती?"

वडिलांनी पेडाचं टोक जवळच्या खुंटीला बांधलं. गाठ मारायला त्यांना वेळ लागला. मग ते काकांच्या खांद्यावर हात ठेवून घरापर्यंत आले. दोघंही लंगडत होते, आणि कोण कुणाला सांभाळतंय ते कळत नव्हतं. आईनं खिडकीचं गोणपाट ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पलीकडे घणाचे घाव पडू लागले. वडिलांनी खाटेवरूनच ओरडून विचारलं, "आता काय पाडतोयस?"

काका खिडकीत आले. डोक्यावर, भुवयांवर विटांचा चुरा होता. "दार काढतोय. या भिंतीला एक आणि पलीकडच्या भिंतीला एक, समोरासमोर. दोन्ही उघडली की वाट सरळ. तू आरपार चालत जा."

त्यांच्या मागून काकूंचा आवाज आला. "म्हणजे सुनेच्या खोलीतून दोर जाणार? ती बिचारी कुठं बसेल?"

"दोरावर," वडील म्हणाले. "झोका होईल तिला."

ते हसायला लागले. उशी पोटाशी दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुपारी ते झोपले, तोंड उघडं टाकून, घोरत. आई कामं सोडून उंबऱ्यावर बसली आणि ते घोरणं ऐकत राहिली. मी बोलायला गेले तर तिनं बोटानं गप्प केलं. पुढचे काही दिवस ते मागून मागून जेवले. जखमेतलं पाणी कमी झालं. सिस्टर म्हणाल्या, "आता लागले मार्गाला." मी शाळेला रजा संपल्याचं कळवून निघायची तयारी केली.

पण ताप आला. आत कुठंतरी आतड्याचा जोड सुटला होता. टेम्पोत काका त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. वडील शुद्धीत होते. चौकटी सागवानी लावतोयस की साध्या, एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या ऑपरेशननंतर ते उठले नाहीत.

सगळं झाल्यावर आई डॉक्टरांसमोर उभी राहिली. "तुम्ही म्हणाला होता, काळजी नको. आम्ही लपवलं, आणि त्यांना माहीत होतं. त्यानं झालं का हे?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "अंगात ताकद राहिली नव्हती, बाई. झोप नसली, खाणं अंगी लागलं नाही, की जखम भरत नाही. पण एवढ्यानंच झालं, असं मी म्हणू शकत नाही."

"नाही असंही म्हणू शकत नाही," आई म्हणाली.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

तिनं त्यांना नमस्कार केला आणि ती बाहेर आली. नंतर तिनं हे कुणापाशी पुन्हा काढलं नाही.

खोली पुरी झाली. लग्न साधेपणानं झालं. समोरासमोर दोन दारं असल्यानं खोलीतून वारा सुटायचा, अंथरूण उडायचं, दिवा विझायचा. काकू एक दार कायमचं बंद करा म्हणायच्या. काका ऐकल्यासारखं करत आणि बाहेर जात. वडिलांचा तो शेवटचा पेड चाकापासून भिंतीजवळच्या खुंटीपर्यंत तसाच टांगलेला होता. तो काढायला कुणाचा हात होत नव्हता. त्यावर चिमण्या बसायच्या.

मी पुन्हा सुटीला आले तेव्हा नावाडी दारात बसलेला होता. दोर मागायला आला नव्हता, भेटायला आला होता. पाणी वाढू लागलं होतं. तो गेल्यावर आई उठली, मागच्या दारानं बाहेर गेली आणि चाकावर बसली.

"भावजी," तिनं हाक मारली. "दारं उघडा."

काका आले. नव्या सुनेनं खोलीतली चटई गुंडाळून उभी केली. मी कमरेला वाख बांधला. खुंटीवरची वडिलांची गाठ सोडवायला मला वेळ लागला. त्यांच्या पेडाच्या टोकात माझा वाख मिसळला, बोटांत धरला आणि "दे" म्हणाले.

चाकाचा आवाज बदलला. आईनं खाली मान घातली होती आणि ती फिरवत होती. डावा हात मोकळा होता. मी मागं मागं निघाले. माझा पेड कुठं जाड होत होता, कुठं बारीक. त्यांचा जिथं संपला आणि माझा जिथं सुरू झाला ते लांबूनही कळलं असतं. उंबरा जवळ आला असावा असं वाटलं. माझे पाय अडखळले, मान वळू लागली.

दाराची फळी वाऱ्यानं लागू नये म्हणून काका तिला पाठ लावून उभे होते.

"मागं बघू नकोस," ते म्हणाले. "उघडंच आहे."